ओसरी

नवा सरदार झाला की त्याला जुने पूर्वज लागतात.
ते आम्ही पुरवतो, लंडनच्या आमच्या कचेरीत,
वासराच्या कातड्यावर, पिढीमागे एक गिनी.
मी तिथला लेखनिक. अक्षर बरं म्हणून टिकलेला.

त्या मार्चमध्ये आले न्यायमूर्ती एडमंड पोर्चर,
आता बॅरन, हॅल्बीचे.
झगा अजून शिंप्याकडेच होता;
अंगात जुना कोट, कोपरांवर चकाकणारा.
म्हणाले, "वडील वकिलाकडे नकला उतरवायचे,
आजोबा खोगिरं शिवायचे. त्यामागे मला अंधार आहे.
शोधा. पण पदरचं घालू नका."
असं म्हणणारा हा पहिलाच.
बाकीच्यांना नॉर्मंडीच्या जहाजातून उतरलेला
कुणीतरी हवाच असतो, शक्यतो घोड्यासकट.

सतरा वर्षं न्यायासनावर.
अकरा वेळा विगवर काळं फडकं ठेवलं,
हा आकडा त्यांनीच सांगितला, मी विचारला नसताना.

लिंकनशरला गेलो. आगगाडीनं, मग खटाऱ्यातून,
मग नुसत्या चिखलातून.
हॅल्बीच्या पाद्र्यानं वही काढून दिली,
कडा उंदरांनी खाल्लेल्या.
खोगीरवाल्याचा बाप सापडला
सतराशे त्रेचाळीसच्या पानावर, दोन मयतींच्या मध्ये:
'मुलगा. चर्चच्या ओसरीत सापडला.
नाव टॉमस, आडनाव पोर्च.'
म्हणजे जिथं सापडला तेच आडनाव.
पुढं कुणा कारकुनानं शेवटी एक अक्षर जोडलं
आणि घराणं झालं.

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, नदीचं मूळही.
मी तर विचारण्याचेच पैसे घेतो.

परतीच्या गाडीत आठवलं. वीस वर्षांपूर्वीची
वर्तमानपत्रातली बोटभर बातमी, लिंकनच्याच सत्राची:
केझाया ड्रिंग, मोलकरीण, वय एकोणीस,
पोर चर्चच्या पायरीवर ठेवून निघून गेली.
पोर जगलं. तिला सक्तमजुरी, अठरा महिने.
न्यायमूर्ती पोर्चर.
जेवणाच्या सुट्टीआधी निकाल लागला होता.

पान त्यांच्यापुढं ठेवलं.
चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला.
"महिना कोणता?"
"जानेवारी, माय लॉर्ड."
"थंडी असेल."
एवढंच. घड्याळ चालत राहिलं,
मी हातातली टोपी फिरवत राहिलो.
मग म्हणाले, "आहे तसं लिहा. शाई पातळ करू नका."

ढालीवर तराजू नको म्हणाले, तलवारही नको.
एक कमान. पांढऱ्यावर काळी. रिकामी.
आमचे साहेब कुरकुरले,
कमानीखाली निदान एखादा सिंह तरी?
"काही नको."

मग तळाशी मुलं. हॅरिएट, जेमायमा, रूथ.
मुलगा नाही, तेव्हा पदवी त्यांच्याबरोबरच जाणार.
आमच्याकडे त्याला एकच शब्द आहे: निर्वंश.
तो लिहीत होतो तेव्हा जेमायमाबाई
माझ्या कपात चहा ओतत होत्या,
आणि त्यांचा धाकटा टेबलाखाली बसून
माझ्या बुटांच्या नाड्या सोडत होता.
मी अक्षरांवर वाळू टाकली.
जरा जास्तच पडली.

सहा वर्षांनी ते गेले. मृत्यूची तारीख घालायची
म्हणून पुन्हा हॅल्बी.
बर्फाळ पाऊस आला, ओसरीत थांबलो.
दगडी बाक, कुणाची तरी विसरलेली छत्री,
खांबाशी मेंढ्यांनी अंग घासलेलं.
टॉमसच्या आईसाठी वहीत रकाना नव्हता;
माझ्या कातड्यावरही नाही.

काहीतरी करावं म्हणून फाटकापासून पावलं मोजली.
बावीस.
तिची जास्त भरली असतील, हातात पोर, पायाखाली बर्फ.
परत फिरताना किती,
ते मोजायचं माझ्याकडून राहिलं.